स्कूटरची बॅटरी मेलेली असते मे महिन्यात, कळतं डिसेंबरात

स्कूटरची बॅटरी किती वर्षांनी बदलायची असं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं, "तीन वर्षं पकडून चाला भाऊ". ढोबळमानाने बरोबरच आहे, दोन ते चार वर्षं टिकते साधारण. पण नागपुरात गंमत अशी की "सेल्फच नाही घेऊन राहिली गाडी" ही तक्रार बहुतेक वेळा थंडीतल्या सकाळी ऐकू येते, मग सगळे थंडीच्या नावाने बोटं मोडतात. माझ्या मते थंडी बिचारी फुकट बदनाम आहे, बॅटरीचं खरं नुकसान उन्हाळ्यातच होऊन जातं.

का ते समजायला आत काय आहे ते बघू. गास्तों प्लांते या फ्रेंच माणसाने १८५९ मध्ये शिशाची बॅटरी बनवली, तेच तंत्र आजही आपल्या स्कूटरमध्ये आहे. साधारण दोन-दोन व्होल्टचे सहा सेल एकामागे एक जोडलेले, म्हणून १२ व्होल्ट. प्रत्येक सेलमध्ये एक प्लेट शिशाची, दुसरी शिशाच्या ऑक्साईडची, मध्ये सल्फ्युरिक अ‍ॅसिड. करंट निघतो तेव्हा दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट जमतं, चार्ज झालं की ते परत विरघळतं. हल्लीच्या सीलबंद बॅटरीत अ‍ॅसिड काचेच्या बारीक तंतूंच्या चटईत शोषलेलं असतं, त्यामुळे पाणी टाकायची भानगड नाही, आणि कुणी झाकण उचकटून डिस्टिल्ड वॉटर घालून देतो म्हणाला तर नको म्हणा.

आता गर्मी. या बॅटऱ्यांचं आयुष्य २५ अंशांच्या आसपास धरून सांगतात आणि तापमान दर १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं असा ठोकताळा आहे. आपल्याकडे २३ मे २०१३ ला ४७.९ अंश होतं, ते पण सावलीतलं. सीताबर्डीला दुपारी उन्हात लावलेल्या गाडीच्या सीटला हात लावून बघा (बघू नका), त्या सीटखाली नाहीतर पायदानाखाली प्लास्टिकच्या डब्यात बॅटरी बसलेली असते, तिला वारा नाही काही नाही. आतलं पाणी थोडं थोडं वायू होऊन व्हॉल्व्हमधून निघून जातं, चटई कोरडी पडते, पॉझिटिव्ह प्लेटची जाळी गंजत जाते. शिवाय गर्मीत बॅटरी नुसती उभी असली तरी लवकर उतरते. म्हणजे नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) गाडी अंगणात टाकून महिनाभर गावाला गेलं की दुहेरी मार, कारण उतरलेली बॅटरी तशीच राहिली की ते लेड सल्फेट कडक होऊन बसतं आणि मग चार्जरलाही दाद देत नाही. जीपीएस ट्रॅकर किंवा अलार्म लावला असेल तर अजून लवकर. जाताना निगेटिव्हची वायर काढून ठेवली तरी पुष्कळ वाचतं.

पण मग मेमध्येच गाडी बंद का नाही पडत? कारण बॅटरीत चार्ज असणं वेगळं आणि तो एकदम बाहेर देता येणं वेगळं. टाकी भरलेली पण नळात गाळ, तशातली गत. हिशोब करून बघा, सेल्फ मारताना समजा ५० अँपिअर लागतात, दीड सेकंद. ४ अँपिअर-अवरच्या बॅटरीतला हा जेमतेम अर्धा टक्का, काहीच नाही. पण नव्या बॅटरीचा अंतर्गत रोध (म्हणजे आतच करंटला होणारा अडथळा) ०.०३ ओहम धरला तर ५० अँपिअरला दीड व्होल्ट पडतो, १२.६ चे ११.१ उरतात, गाडी चटकन चालू. सुकून, गंजून तोच रोध ०.०८ झाला की चार व्होल्ट जातात, उरतात ८.६, रिले (सेल्फला करंट सोडणारा स्विच) नुसती कट-कट वाजते. आणि हॉर्न मात्र वाजतो, कारण त्याला करंट कमी लागतो, म्हणून आपण म्हणतो बॅटरी तर चांगली आहे!

उन्हाळ्यात इंजिन ऑइल पातळ असतं, आतली रासायनिक क्रिया जोरात चालते, त्यामुळे दुखणं झाकलं जातं. डिसेंबरात ऑइल घट्ट, क्रिया मंद, रोध अजून वाढलेला. २०१८ च्या डिसेंबरात तर नागपूर ३.५ अंशांवर गेलं होतं. अशा सकाळी अर्धमेली बॅटरी हात वर करणारच.

म्हणून माझं म्हणणं, तारीख बघून बदलू नका पण दोन उन्हाळे झाले की दिवाळीच्या सुमारास तपासा. साधा मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी १२.८ च्या जवळ दाखवायला हवी, १२.४ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. मग एकाने मीटर धरायचं, दुसऱ्याने सेल्फ मारायचा. त्या क्षणी आकडा साडेनऊच्या खाली गेला तर नवीची तयारी ठेवा. गाडी चालू झाल्यावर रेस थोडी वाढवून १३.५ ते १४.८ दिसलं पाहिजे. पंधराच्या वर जात असेल तर रेग्युलेटर (चार्जिंगचे व्होल्ट आवरणारा भाग) खराब आहे, तो बदलल्याशिवाय नवी बॅटरी टाकाल तर तीही शिजेल. हे बघायला पाच मिनिटं लागतात पण बरेच मेकॅनिक थेट बॅटरीच बदलून मोकळे होतात.

किक आहे ना, मग काय टेन्शन, असं पूर्वी चालायचं. एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचा नवा नियम बीएस-६ आला, बहुतेक स्कूटरला फ्युएल इंजेक्शन बसलं, त्यात पेट्रोलचा पंप आणि ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) दोघांनाही करंट लागतो, बॅटरी पार झोपली तर किक मारूनही उपयोग होईलच असं नाही. काही मॉडेलला तर किकच नाही. आणि ढकलून स्टार्ट करायला स्कूटरला गिअर कुठे, तिचा क्लच इंजिन फिरल्यावरच पकडतो.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासा, कोरडं करून व्हॅसलीन लावा, कधीकधी तेवढ्यानेच काम भागतं. आणि नवी घ्यायचीच ठरली तर बनवल्याची तारीख बघूनच घ्या, सात-आठ महिने दुकानात गरम होत पडलेली बॅटरी नवी कसली. जुनी तिथेच परत द्या, शिशाचे पैसे बिलातून कमी करतात. कबाडीवाल्याला देऊ नका, तो अ‍ॅसिड सरळ नालीत ओततो.