रस्ते अपघातातील मृत्यूंची सरकारी आकडेवारी : खानदेश

रस्ते अपघातात किती माणसे गेली, याची सरकारी मोजदाद पोलीस ठाण्यातल्या नोंदींवर उभी आहे. अपघातानंतर तीस दिवसांच्या आत जखमी दगावला, तर तो अपघाती मृत्यू धरायचा, हा नियम. २०२२ साठी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने देशभरात १,६८,४९१ मृत्यू दाखवले, त्यांपैकी महाराष्ट्रात १५,२२४. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा देशाचा आकडा १,७१,१०० होता. दोन्ही जवळपास जुळतात, पण त्यावरून ते पक्के मानू नयेत. दोघांचा उगम एकच, पोलीस ठाणे. तिथे जे लिहिले गेले नाही, ते दोन्हीकडे नाही.

खानदेशात ही गळती समजायला भूगोल पाहावा लागतो. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग धुळ्याला एकमेकांना छेदतात, एका अंगाला गुजरात, दुसऱ्या अंगाला मध्य प्रदेश. अत्यवस्थ जखमी नाशिक, सुरत किंवा इंदूरला हलवले जातात. समजा, शहाद्याजवळ पिकअपने मोटारसायकल उडवली. गुन्हा दाखल होतो तो गंभीर दुखापतीचा. नातेवाईक रातोरात सुरत गाठतात आणि एकोणिसाव्या दिवशी माणूस जातो. शवविच्छेदन तिकडेच, अकस्मात मृत्यूची नोंद तिकडच्या ठाण्यात शून्य क्रमांकाने (म्हणजे हद्दीबाहेरची घटना म्हणून), मग कागद शहाद्याला वर्ग. ते पोचले, तपासी अंमलदाराने कलमवाढ करून भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ (निष्काळजीपणाने मृत्यू) लावले आणि संगणकातली जुनी नोंदही बदलली, तरच 'गंभीर जखमी'चा 'मयत' होतो. मृत्यूचा दाखलाही सुरतेचाच, कारण नोंद मृत्यू झाला त्या ठिकाणी होते. डॉक्टरांच्या मृत्यू-कारणाच्या प्रमाणपत्रात नुसती मेंदूची इजा किंवा जंतुसंसर्ग लिहिला, तर रस्ता तिथूनही पुसला गेला.

उलट बाजूही आहे. आकडा अपघातस्थळाचा असतो, माणसाच्या गावाचा नसतो. १८ जुलै २०२२ रोजी इंदूरहून अमळनेरला निघालेली एसटी बस खलघाटला नर्मदेत कोसळली. ते मृत्यू मध्य प्रदेशच्या खात्यात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साठी भारतातील मृत्यूंचा अंदाज २,९९,०९१ दिला होता, सरकारी आकडा १,५०,७८५. २०२१ साठी तिचाच अंदाज २,१६,६१८ वर आला, सरकारी आकडा १,५३,९७२. एवढा उतार पाहता अंदाजही जपूनच वापरावा. पण दोन्ही वेळा तफावतीची दिशा एकच आहे. जखमींचे आकडे तर फारच कच्चे. २०२२ मध्ये ४,४३,३६६ जखमी, म्हणजे एका मृत्यूमागे तीनही नाहीत. जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात एक रात्र काढलेल्या कोणालाही हे पटणार नाही.

सर्वांत सहज निसटतो तो एकटा घसरून पडलेला दुचाकीस्वार. समोर दुसरे वाहन नाही. घरचे म्हणतात, फिर्याद द्यायची कोणाविरुद्ध? तोरणमाळ किंवा धडगावकडच्या घाटवाटांवर ठाणे लांब, तिथे हा प्रश्न आणखी जड होतो. नुकसान कागदापुरते राहत नाही. पळून गेलेल्या वाहनाच्या धडकेत मृत्यू झाल्यास १ एप्रिल २०२२ पासून वारसांना दोन लाख रुपये मिळतात, पण त्या दाव्याला पोलिसांचे कागद लागतात. राष्ट्रीय महामार्गावर ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात किंवा दहा मृत्यू झाले, तर ती जागा अपघातप्रवण ठरते आणि तिच्या दुरुस्तीचा विचार होतो. ज्या अपघाताचा गुन्हाच दाखल नाही, तो या पाचांत नाही आणि त्या दहांतही नाही.