पहिल्या पिढीचे महाविद्यालयीन विद्यार्थी (गोवा)

आईवडिलांपैकी कोणीही पदवीधर नसताना महाविद्यालयात आलेले विद्यार्थी. व्याख्या वादग्रस्त आहे. अमेरिकेत १९८० च्या सुमारास संघराज्याच्या शिक्षणसाहाय्य योजनांतून ही संज्ञा कायद्यात आली. तिथे पालकांची पदवी हा निकष असून, मूल एकाच पालकाजवळ वाढले असल्यास त्या एकाचीच पदवी पाहतात. तमिळनाडूत २०१० च्या सुमारास सुरू झालेल्या शुल्कसवलतीत मात्र भावंडेही मोजतात. थोरला पदवीधर झाला की धाकट्याला सवलत नाही. काहींच्या मते महाविद्यालय अर्ध्यावर सोडलेल्या पालकांची मुले यात धरू नयेत. गोव्यासाठी पालकांच्या पदवीचाच निकष अधिक ग्राह्य वाटतो. थोरल्या बहिणीने वाट दाखवली तरी घरची मिळकत आणि भाषेची अडचण तशीच राहते.

१९६१ च्या गोवामुक्तीपूर्वी पणजीच्या लिसेवपुढील (पोर्तुगीज माध्यमिक शाळेपुढील) शिक्षणासाठी बहुतेकांना मुंबई, पुणे, धारवाड गाठावे लागे. १९६२ मध्ये पणजी व मडगाव येथे महाविद्यालये निघाली, १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ सुरू झाले. गावडा, कुणबी व वेळीप यांना अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ मध्ये मिळाला. या समाजांतील अनेक घरांत पदवीची सुरुवात त्यानंतरची आहे.

पहिली अडचण शिष्यवृत्तीच्या कागदपत्रांची. जातीचा, उत्पन्नाचा व रहिवासी दाखला, आधार आणि बँक खाते यांवरील नाव अक्षरशः जुळावे लागते. जुन्या नोंदी पोर्तुगीज वळणाच्या असल्याने वडिलांच्या दाखल्यात ‘गांवकर’ रोमन लिपीत ‘सी’ने, तर मुलाच्या गुणपत्रिकेत ‘के’ने लिहिलेले आढळते. अशा फरकाने अर्ज परत येतो, आणि प्रतिज्ञापत्र होईपर्यंत मुदत टळते. अर्ज मंजूर झाला तरी खाते आधारशी जोडलेले नसल्यास पैसे जमा होत नाहीत. म्हणून नावांची पडताळणी बारावीच्या निकालाआधी, शक्यतो अकरावीतच उरकावी. उत्पन्नाचा दाखला मुदतीचा असतो. तो फार आधी काढू नये. शिष्यवृत्ती उशिरा येते, शुल्क मात्र आधी भरावे लागते. हप्ते करून द्यावेत, हे कार्यालयाने आपणहून सांगायला हवे; ही मुले विचारत नाहीत.

प्राथमिक शाळा मराठी किंवा कोकणीतून, पाचवीपासून इंग्रजी, हा अनेकांचा क्रम. पदवीच्या पहिल्या वर्षी वर्गात ऐकलेले समजते, पण उत्तर लिहिता येत नाही. नुसत्या इंग्रजी संभाषणवर्गाने हे सुटत नाही. पहिले सहा आठवडे शिक्षकाने संकल्पना कोकणी-मराठीतून समजावून, एक उत्तर इंग्रजीत लिहून घेऊन, तपासून परत द्यावे. सत्रांतर्गत चाचणीचे गुण निकालात धरले जातात, हेही अनेकांना पहिली चाचणी बुडाल्यावर कळते. मग एटीकेटी, म्हणजे राहिलेला विषय घेऊन पुढच्या वर्गात जाणे, मागे लागते.

सत्तरी, सांगे, काणकोण या दूरच्या तालुक्यांतील विद्यार्थ्यांचे वेळापत्रक शेवटच्या कदंब (राज्य परिवहनाच्या) बसवर अवलंबून असते. त्यांची प्रात्यक्षिके सकाळच्या तुकडीत ठेवावीत. काजूच्या हंगामात, मार्च-एप्रिलमध्ये, बागायतीवर घरच्यांना हात लागतो आणि सत्रान्त परीक्षाही तेव्हाच जवळ येते. त्या महिन्यांत हजेरी घसरलेल्या मुलाला नोटीस पाठवण्याआधी वर्गशिक्षकाने घरी फोन करावा, आणि तो वडिलांशी बोलता येईल अशा वेळी, संध्याकाळी करावा.