पहिलं अ‍ॅनिमेशन: सॉफ्टवेअर डाउनलोड करण्याआधी

नव्या ग्राहकांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो: "छोटे व्हिडिओ घरच्या घरीच करायचे म्हणतोय, कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?" त्यावर आमचा उलटा प्रश्न ठरलेला असतो: "व्हिडिओत हलणार काय आहे?" अक्षरं हलणार, हाताने काढलेलं चित्र हलणार, की एखादं पात्र चालणार-बोलणार? एवढं कळलं की लांबलचक यादीतली निम्मी नावं आपोआप गळतात. आम्ही कोणतंही सॉफ्टवेअर विकत नाही, त्यामुळे खाली कुणाला बरं म्हटलंय, कुणाला नावं ठेवलीत, ती निव्वळ वापरून आलेली मतं आहेत.

फक्त अक्षरं, बाण आणि आकृत्या असतील तर

मग कदाचित काहीच नवीन घ्यायला नको. पॉवरपॉइंटमधून स्लाइड थेट व्हिडिओ म्हणून बाहेर काढता येतात, आणि नव्या आवृत्त्यांमधलं 'मॉर्फ' हे ट्रान्झिशन एका स्लाइडवरची वस्तू दुसऱ्या स्लाइडवरच्या जागेपर्यंत स्वतःच सरकवत नेतं. मॅकवर हेच काम कीनोट करतं. लोकांना हे सांगितलं की त्यांचा थोडा हिरमोडच होतो. पण यंत्र कसं चालतं, अर्ज कसा भरायचा, अशा अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओला एवढं पुरतं.

हाताने चित्रं काढायची असतील तर

आधी हिशेब. चित्रपटात सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे एकामागून एक दिसणारी स्थिर चित्रं, असतात. हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेशनमध्ये एक चित्र बहुधा दोन फ्रेम ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं झाली. दहा सेकंदांना १२०. आकडा ऐकून घाबरू नका, कारण ती सगळी नव्याने काढावी लागत नाहीत. पार्श्वभूमी एकदाच काढायची, चालण्याचं चक्र एकदा बसवून फिरवत ठेवायचं, आणि पात्र नुसतं ऐकत उभं असेल तेव्हा फक्त पापण्या मिटायच्या.

या कामासाठी नवख्या माणसाला आम्ही डोळे झाकून पेन्सिलटूडी सुचवतो. ते मोफत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं, आणि उघडल्यावर गोंधळायला होईल इतकी बटणंच त्यात नाहीत. आधीचं चित्र पुसटसं खाली दिसत राहतं, त्याला ओनियन स्किन म्हणतात. हे बटण कुठे आहे ते सर्वांत आधी शोधा. त्याच्याशिवाय हे काम म्हणजे अंधारात शिवणकाम. रंगकामाची हौस असेल तर क्रिटा घ्या. मुळात ते चित्रकारांचं सॉफ्टवेअर, त्यामुळे ब्रश उत्तम आहेत, पण मोठ्या चित्रांच्या भरपूर फ्रेम झाल्या की कॉम्प्युटरची रॅम खातं. फोनवर किंवा टॅबलेटवरच काढणार असाल तर फ्लिपाक्लिपने सुरुवात करायला हरकत नाही. आयपॅड असेल तर प्रोक्रिएट ड्रीम्स आहे. ते २०२३ साली आलं आणि एकदाच पैसे भरून कायमचं मिळतं.

माउसने रेषा नीट येत नाही. पेन टॅबलेट (कॉम्प्युटरला जोडून पेनने रेषा काढायची पाटी) छोटा आणि साधा चालेल, पण असू द्या.

एकच पात्र पुन्हा पुन्हा येणार असेल तर

इथे कळसूत्री बाहुलीची पद्धत कामाला येते. डोकं, धड, दंड, कोपरापासून मनगटापर्यंतचा हात, पंजा असे भाग वेगवेगळ्या लेअरवर (एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक थरांवर) काढायचे, त्यांना सांध्यांवर जोडायचं आणि मग चित्र न काढता नुसते भाग फिरवायचे. तुम्ही सुरुवातीची आणि शेवटची स्थिती सांगता, त्या कीफ्रेम. मधल्या फ्रेम सॉफ्टवेअर भरतं. मोफतमध्ये सिनफिग हे मुळात याच कामासाठी बनलेलं आहे. विकत घ्यायचं तर मोहो. भाग फिरवण्यासाठी पात्राच्या आत हाडं बसवण्याची त्याची सोय नवख्यालाही लवकर समजते.

आमचं पहिलं बाहुली-पात्र आम्ही मोठ्या हौसेने रंगवलं, आणि पूर्ण हात एकाच लेअरवर काढून बसलो. कोपर वाकवायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं की वाकायला कोपरच नाही. तिथे कापून भाग वेगळे केले, तर हात वाकवला की सांध्यात पांढरी फट. शेवटी दोन्ही हात नव्याने काढले. तेव्हापासून सांध्याच्या दोन्ही भागांची टोकं गोल काढतो आणि एकमेकांवर थोडी चढवतो. हे कोणतंही सॉफ्टवेअर तुम्हाला आपणहून सांगणार नाही.

बाहुली बांधायला पहिल्या वेळी तीन-चार दिवस सहज जातात. एकाच व्हिडिओसाठी हा खटाटोप परवडत नाही. तेच पात्र दहा व्हिडिओंत येणार असेल तर मात्र दुसऱ्या व्हिडिओपासूनच वेळ वाचायला लागतो.

पात्र बोलणार असेल तर आवाज आधी रेकॉर्ड करा आणि चित्र त्यावर बसवा. उलट केलंत तर सगळं दोनदा करावं लागेल. सेकंदाला दोन-अडीच शब्द धरा, म्हणजे अर्ध्या मिनिटाला साठ ते पंच्याहत्तर शब्द. तोंडाचे आकार पाच-सहा पुरतात. त्यातला सर्वांत महत्त्वाचा म्हणजे मिटलेले ओठ. प, ब, भ, म यांपैकी अक्षर आलं आणि ओठ मिटले नाहीत तर बघणाऱ्याला लगेच खटकतं, मग काय खटकलं ते त्याला सांगता येवो न येवो. 'आ'ला मोठं उघडं तोंड, 'उ' आणि 'ओ'ला चंबू. बाकीच्या अक्षरांत बरंच खपून जातं.

वस्तू हलवून फोटो काढायचे असतील तर

स्टॉप मोशन स्टुडिओ हे फोनवरचं अ‍ॅप आणि एक ट्रायपॉड, एवढ्यावर भागतं. फोकस आणि एक्सपोजर लॉक करायला विसरू नका, नाहीतर प्रत्येक फोटोचा उजेड वेगळा येतो आणि व्हिडिओ लुकलुकतो. खिडकीचा पडदाही ओढून घ्या. ऊन सरकत असतं.

तयार टेम्प्लेट

कॅन्व्हा, पाउटून, व्हायॉन्ड. पात्रं, हालचाली, पार्श्वभूमी सगळं आयतं. दुपारी बसलात तर संध्याकाळी व्हिडिओ तयार. घाई असेल तर जरूर वापरा. अडचण एवढीच की तेच हसरं पात्र तोच हात हलवत शेजारच्याच्याही व्हिडिओत येतं, आणि तुम्हाला नेमकी हवी ती हालचाल यादीत नसली की काम तिथेच अडतं. शिवाय हे सगळं इंटरनेटवर चालतं. तुमचं काम त्यांच्या खात्यात राहतं, ते उचलून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेता येत नाही.

मोठ्या नावांचा मोह

ओपनटून्झ हे हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर. ते ज्या टून्झ या जुन्या सॉफ्टवेअरवर उभं आहे, ते जपानच्या स्टुडिओ जिब्ली या प्रसिद्ध अ‍ॅनिमेशन स्टुडिओत वापरलं गेलं, आणि २०१६ पासून ओपनटून्झ सर्वांना मोफत आहे. ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअरही मोफत, आणि २०२५ साली सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचं ऑस्कर मिळवणारा चित्रपट ब्लेंडरमध्येच बनलाय. ब्लेंडरमधल्या ग्रीझ पेन्सिल या चित्र काढायच्या सोयीने सपाट, हाताने काढलेलं कामही छान होतं. दोन्ही उत्तम आहेत, आणि दोन्ही पहिल्या महिन्यात तुम्हाला घाम फोडतील. ब्लेंडरला किमान ८ जीबी रॅम लागते, पण खरी अडचण रॅमची नाही. पहिला आठवडा पडद्यावर कुठे काय आहे ते शोधण्यातच जातो, आणि तोवर व्हिडिओ करायची हौस विरते. आधी दोन-तीन छोटे व्हिडिओ दुसरीकडे पूर्ण करा, मग या वाटेला जा.

'फ्री' लिहिलंय म्हणजे काय

पेन्सिलटूडी, क्रिटा, सिनफिग, ओपनटून्झ आणि ब्लेंडर ही मुक्त-स्रोत, म्हणजे ज्यांचा कोड सर्वांना खुला असतो अशी, सॉफ्टवेअर आहेत. त्यांत केलेलं काम तुमचं. धंद्यासाठी वापरलंत तरी कुणी विचारणार नाही. इतर ठिकाणी 'फ्री' शब्द दिसला की तीन गोष्टी तपासा: व्हिडिओवर वॉटरमार्क (त्यांच्या नावाची छाप) येतो का, १९२० बाय १०८० या पूर्ण आकारात बाहेर काढू देतात का, आणि धंद्यासाठी वापरायला परवानगी आहे का. वॉटरमार्कचा शोध बहुतेकांना काम संपल्यावर, एक्स्पोर्टचं बटण दाबल्यावर लागतो.

मासिक वर्गणीच्या सॉफ्टवेअरचा आणखी एक प्रश्न असतो. वर्गणी थांबली की बहुतेकदा तुमचीच जुनी फाइल तुम्हाला उघडता येत नाही. म्हणून एमपीफोर व्हिडिओबरोबर प्रत्येक फ्रेमचं वेगळं पीएनजी चित्रही काढून ठेवा. एक्स्पोर्ट चालू असताना कॉम्प्युटर अडकला तरी जिथे थांबलं त्या फ्रेमपासून पुढे सुरू करता येतं, हा वरचा फायदा.

मराठी अक्षरं

याचा त्रास आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना झालेला असतो. काही सॉफ्टवेअरमध्ये वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते, जोडाक्षरं सुटी होऊन पाय मोडलेली दिसतात. डाउनलोड केल्या केल्या 'विद्यार्थी', 'दुसऱ्या' आणि 'क्षितिज' हे तीन शब्द टाइप करून बघा. तिन्ही नीट उमटले तर निर्धास्त राहा. नाही उमटले म्हणून लगेच सॉफ्टवेअर टाकून द्यायचं कारण नाही: मजकूर इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहा, पारदर्शक पार्श्वभूमीचं पीएनजी काढा आणि ते चित्र म्हणून आत आणा. फक्त मजकूर पूर्ण तपासून झाल्यावरच हे करा, कारण एकदा चित्र झालं की ऱ्हस्व-दीर्घ सुधारायला पुन्हा मागे जावं लागतं.

दहा सेकंदांची परीक्षा

परीक्षणं वाचत बसण्यापेक्षा दोन सॉफ्टवेअर निवडा आणि दोन्हींत हेच करा: एक चेंडू पडतो, दोनदा उसळतो, थांबतो, बाजूला एक मराठी शब्द येतो, आपटण्याचा आवाज वाजतो. फोनवर बघायचा व्हिडिओ असेल तर सुरुवातीलाच कॅनव्हास उभा, १०८० बाय १९२० ठेवा. नंतर आडव्याचा उभा करायला गेलात तर कडेचं सगळं कापलं जाईल.

चेंडू एकाच वेगाने खाली-वर गेला तर लिफ्टसारखा दिसतो. वर पोहोचताना तो मंदावायला हवा आणि खाली येताना वेग धरायला हवा, म्हणजे वरच्या जागा जवळजवळ आणि खालच्या लांब लांब. सॉफ्टवेअर मधल्या फ्रेम भरणारं असेल तर यासाठी 'ईझ' नावाची सोय असते. ती किती लवकर सापडली? आवाज आत आला का? चुकलेलं पटकन मागे घेता आलं का? शेवटी व्हिडिओ फोनवर पाठवून बघा. दोन्हींपैकी ज्यात दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावंसं वाटलं, ते तुमचं. चेंडू कितीही वाकडा उसळलेला असू दे.

आमच्याकडे सल्ल्याला येणार असाल तर तो व्हिडिओ आणि सॉफ्टवेअरची मूळ फाइल, दोन्ही पेनड्राइव्हवर आणा. नुसता व्हिडिओ बघून चूक दिसते, पण ती कुठे झाली ते मूळ फाइलमध्येच सापडतं.