साताऱ्यात मुलांना फिरवण्याची ठिकाणं मुळात कशासाठी बांधली गेली?

रविवारी मुलांना कुठे न्यायचं, हा विषय निघाला की साताऱ्यात नावं ठरलेली असतात: अजिंक्यतारा, चार भिंती, महादरे, कास, संगम माहुली, लिंबची विहीर. यातलं एकही ठिकाण सहलीसाठी तयार झालेलं नाही. कुठे लष्कराची गरज होती, कुठे राजघराण्याची, कुठे देवाची, आणि सगळ्यात जास्त पाण्याची. म्हणून यातली बहुतेक ठिकाणं आजही फुकट आहेत. कठडा, सावली, नळ आणि स्वच्छतागृह यांची तिथे जी वानवा आहे, तीही याच कारणाने. मुलांना घेऊन निघताना हा इतिहास माहीत असला की पिशवीत काय भरायचं ते आपोआप ठरतं.

सुरुवात किल्ल्यापासून. अजिंक्यतारा शिलाहार भोज दुसरा याच्या काळातला, बाराव्या शतकाच्या अखेरचा. 1673 मध्ये तो शिवाजी महाराजांकडे आला. 1699च्या शेवटी औरंगजेबाने वेढा घातला आणि 1700च्या एप्रिलमध्ये गड पडला. त्या वेळी किल्लेदार प्रयागजी प्रभू होते. मोगलांनी तटाखाली सुरुंग लावले. पहिल्याने तट ढासळून किल्ल्यातली माणसं गाडली गेली, दुसरा मात्र उलटला आणि चढाईसाठी दबा धरून बसलेल्या मोगलांच्याच अंगावर कोसळला. मंगळाईच्या बुरुजावर उभं राहून ही हकिगत सांगितली की आठ-दहा वर्षांची मुलं खाली वाकून जागा शोधायला लागतात. तेव्हा त्यांचा हात धरून ठेवा, कारण तटाची फांजी, म्हणजे तटावरची चालायची वाट, काही ठिकाणी ढासळलेली आहे आणि पावसाळ्यात तिथली माती सुटते.

1708 मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला आणि पुढे गडाच्या पायथ्याला शाहूनगर वसलं. गड असा शहराला चिकटून असल्यामुळे तिथे जायला सुट्टी काढावी लागत नाही. डांबरी रस्ता दरवाज्याच्या जवळपर्यंत जातो. पायथ्यापासून चालत गेलं तर लहान मुलांसह तासभर धरावा. तटाची पूर्ण फेरी करायची तर आणखी दीड तास. मार्च ते मे या महिन्यांत साडेसहाला चढायला लागून नऊच्या आत उतरायला हवं. माथ्यावर झाडं तुरळक, आणि काळा कातळ लवकर तापतो. वरची तळी त्या काळच्या शिबंदीसाठी, म्हणजे गडावरच्या सैनिकांसाठी, खोदलेली. त्यांना कठडे नाहीत आणि पाणी पिण्याजोगं नाही. माणशी एक लिटर पाणी खालूनच न्यावं. वरून यवतेश्वर, सज्जनगड, जरंडेश्वर, चंदन-वंदन हे आजूबाजूचे डोंगर आणि गड ओळखायला लावले की मुलांचा अर्धा तास सहज जातो.

एवढी चढण झेपणार नसेल त्यांनी गडाच्या उतारावरच्या चार भिंतींपर्यंत जावं. प्रतापसिंह महाराजांच्या काळात राजघराण्यातल्या स्त्रियांना दसऱ्याची मिरवणूक पाहता यावी म्हणून ही जागा बांधली, असं सांगतात. आज तिथे 1857च्या वीरांचा स्मृतिस्तंभ आहे. संध्याकाळी पाचनंतरची वेळ उत्तम.

आता पाणी. डोंगराच्या कुशीतल्या या शहराला नदी लांब आणि खाली पडते, त्यामुळे पाणी वरून उतरवण्यावाचून इलाज नव्हता. महादऱ्यात डोंगराचं पाणी तळ्यांत अडवायचं आणि खापरी नळांतून, निव्वळ उताराच्या जोरावर, राजवाड्याकडे आणि पेठांतल्या हौदांकडे न्यायचं, अशी ती व्यवस्था होती. लोकसंख्या वाढल्यावर हे पुरेना, तेव्हा इंग्रजी अमदानीत, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, कासला तलाव बांधला गेला. कास साताऱ्यापेक्षा सुमारे चारशे मीटर उंचावर आहे. तिथून डोंगराच्या कडेकडेने उघड्या पाटाने पाणी साताऱ्यात यायचं, एकही पंप न लावता.

कासचं फुलांचं पठार राखलं गेलं याचं बरंच श्रेय आमच्या मते या तलावाला आहे. पिण्याच्या पाण्याच्या वरच्या बाजूला वस्ती वाढू देणं परवडणारं नव्हतं, आणि जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाच्या पठारावर, नांगर चालत नाही. इंचभर मातीत जे उगवतं तेच तिथलं धन. सीतेची आसवे हे फूल मुलांना गुडघ्यावर बसवून दाखवावं. नखाएवढी जांभळी पाकळी, खाली केसासारखा देठ, आणि मुळाशी चिखलात डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा पिशव्या. मातीत नत्र कमी, म्हणून ही वनस्पती त्या पिशव्यांत सूक्ष्म जीव ओढून घेते आणि पचवते. अशा मातीवर पाय पडला की ती दबते, पाणी धरत नाही, आणि पुढच्या वर्षी तिथे फूल येत नाही. फोटोसाठी वाटेबाहेर टाकलेल्या एका पावलाने नुकसान होतं ते असं.

2012 मध्ये पश्चिम घाटासोबत कासचं नाव जागतिक वारशाच्या यादीत आलं आणि गर्दी झपाट्याने वाढली. त्यातून फुलांच्या हंगामात प्रवेशशुल्क, रोजच्या संख्येवर मर्यादा आणि आगाऊ नोंदणी आली. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात हा साधारण हंगाम. शनिवार-रविवार टाळता आले तर टाळावेत. छत्री वाऱ्यात उलटते, मुलांना रेनकोटच हवा. शुल्काचे पैसे वाचवायचे असतील तर हंगाम सोडून तलावाच्या काठी जावं. डबा तिथेच खावा, पण पाण्यात उतरू नये, कारण ते साताऱ्याच्या घराघरांत जातं.

लिंब गावची बारा मोटेची विहीर हीसुद्धा पाण्याचीच सोय, पण शेतीच्या. शके 1641 ते 1646, म्हणजे इ.स. 1719 ते 1724 या काळात विरूबाई भोसले यांनी ती आमराईच्या पाण्यासाठी बांधून घेतली. खोली सुमारे 110 फूट, व्यास 50 फूट, आणि मोटांच्या जागेशेजारी चक्क छोटा महाल. साताऱ्यापासून पंधराएक किलोमीटर. पाच वर्षांखालच्या मुलाला काठावर मोकळं सोडू नये.

माहुलीला कृष्णा आणि वेण्णा भेटतात. इथे शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची समाधी आहे. मंदिरांपेक्षा मुलं तिथेच जास्त रमतात. घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. वर धोम आणि कण्हेर ही दोन धरणं आहेत, त्यामुळे साताऱ्यात ऊन असतानाही विसर्ग सुटला की पाणी चढतं. पावसाळ्यात वरच्या पायरीपलीकडे जाऊच नये.

ठोसेघरचा धबधबा पावसाळ्यात, सज्जनगड एरवी कधीही. सज्जनगडावर दुपारी प्रसादाचं जेवण मिळतं, त्यामुळे खर्च फक्त प्रवासाचा.

तो प्रवास एसटीने केला तर हिशेब असा: पाच वर्षांखालचं मूल फुकट, पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धं तिकीट, मार्च 2023 पासून सर्व महिलांना अर्धं. म्हणजे आईवडील आणि शाळकरी दोन मुलं मिळून अडीच तिकिटं. घरात पंचाहत्तरी ओलांडलेले आजी-आजोबा असतील तर ऑगस्ट 2022 पासून त्यांचा प्रवास मोफत आहे. आधारकार्ड जवळ ठेवावं. कास, ठोसेघरच्या फेऱ्या मोजक्या असतात. उतरल्यावर लगेच वाहकाला परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारावी, कारण ती चुकली की खासगी गाडीला जाण्यायेण्याच्या तिकिटांच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागतात.