बॉयकॉट

एखादी व्यक्ती, संस्था, माल, निवडणूक किंवा समारंभ यांच्याशी निषेध म्हणून ठरवून संबंध तोडणे, असा अर्थ असलेला इंग्रजी शब्द. तो नाम म्हणूनही चालतो आणि क्रियापद म्हणूनही. मराठीत त्यासाठी ‘बहिष्कार’ रूढ आहे. हा शब्द मूळचा एका माणसाचे आडनाव आहे.

चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट (१८३२–१८९७) हा आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता. १८८० मध्ये कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली. जमीनदार १० टक्क्यांवर अडून बसला. सप्टेंबरमध्ये बॉयकॉटने कुळांना जमिनीवरून काढण्याच्या नोटिसा बजावायला माणूस पाठवला, तेव्हा गावच्या बायकांनी चिखल आणि शेण मारून त्याला पिटाळले. त्याच्या थोडेच दिवस आधी लँड लीग या कुळांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे नेते पार्नेल यांनी एनिसच्या सभेत लोकांना मार्ग सांगितला होता: दुसऱ्याची काढून घेतलेली जमीन जो कसायला घेईल, त्याच्याशी रस्त्यात, दुकानात, बाजारात, प्रार्थनास्थळीसुद्धा बोलू नका. मेयोच्या लोकांनी हेच हत्यार कारभाऱ्यावर चालवले. बॉयकॉटचे गडी काम सोडून गेले, दुकानदार माल देईनात, पीक शेतात उभेच राहिले. अखेर कॅव्हन आणि मोनाघन परगण्यांतून ५० मजूर आणावे लागले आणि त्यांच्या रक्षणाला फौज लागली. सुमारे ५०० पौंडांचे पीक काढायला किमान १०,००० पौंड खर्च झाले, असा अंदाज आहे. त्यानंतर बॉयकॉटने मेयो सोडले.

अमेरिकन पत्रकार जेम्स रेडपाथ यांच्या हकिगतीनुसार हा शब्द फादर जॉन ओमॅली या स्थानिक धर्मगुरूंना सुचला. ‘ऑस्ट्रसाइझ’ (वाळीत टाकणे) हा ग्रीक वळणाचा शब्द शेतकऱ्यांना कळणार नाही, ही त्यांची अडचण होती. त्याच वर्षी तो वृत्तपत्रांत आला. फ्रेंच, जर्मन, रशियन भाषांनीही तो उचलला.

भारतात १९०५ च्या वंगभंगानंतर विलायती मालावरच्या बहिष्काराने त्याला राजकीय धार आली. स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण आणि स्वराज्य ही टिळकांची चतुःसूत्री प्रसिद्धच आहे. आज ‘रस्ता नाही तर मत नाही’ म्हणत एखादे गाव मतदानावर बहिष्कार टाकते, तेव्हाही आधार संख्याबळाचाच असतो.

मात्र आपल्याकडे ‘बहिष्कार’ या शब्दाला त्याहून जुना आणि क्रूर अर्थ आहे: जातीने किंवा गावाने एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकणे. डॉ. आंबेडकरांनी १९२७ मध्ये आपल्या पाक्षिकाला ‘बहिष्कृत भारत’ हे नाव दिले ते याच वेदनेतून. मेयोत दुबळ्यांनी बलवानाला एकटे पाडले, इथे बलवान दुबळ्याला एकटे पाडतात. दोन्हींना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे. महाराष्ट्राच्या २०१६ च्या कायद्याने सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवला असून त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.