पैसे भरले की नंबरवाल्याचा पत्ता निघतो?

पानठेल्यावर हमखास ऐकू येतं, ‘ॲपचे पैसे भर, नंबर टाक, माणूस कुठं उभा हाय तेही दिसते!’ नाही दिसत. सिमधारकाचा पत्ता नि लोकेशन मोबाइल कंपनीकडे असतं. पोलिसांनी रीतसर मागितलं तर त्यांना मिळतं, ॲपवाल्याला नाही. ॲपवर दिसतं ते बहुधा लोकांनी आपापल्या फोनमध्ये सेव्ह केलेलं नाव. माझाच नंबर एका ॲपवर ‘सोयाबीन थ्रेशरवाला’ निघाला. थ्रेशर विकून तीन हंगाम झाले! असं नाव बहुतेकदा फुकटातही दिसतं, मग पैसे कशाला? कापसाचे पैसे बुडवून गेलेला व्यापारी त्यात सापडणार नाही, त्याच्यासाठी ठाणंच. ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले तर लगेच १९३० हा हेल्पलाइन नंबर लावा. नुसताच संशयास्पद कॉल असेल तर संचार साथी या सरकारी पोर्टलवरच्या ‘चक्षू’ या तक्रार-सोयीत कळवा, तेही फुकट.