गंधक नेमका कुठे चिकटतो? पाल-नॉर आणि गेवाल्ड

पाषाणच्या अमृततुल्यात सेट-नेटवाली पोरं भेटली की थायोफीन (चार कार्बन आणि एक गंधक यांचं वलय) निघतंच, ते बनवायच्या पाल-नॉर आणि गेवाल्ड या दोन अभिक्रियाही निघतात, आणि दर वेळी तोच प्रश्न: "सर, गेवाल्डमध्येही ऑक्सिजनच्या जागी गंधक येतो ना?" नाही रे बाबा, नाही.

पाल-नॉर तुम्हाला पाठ आहे. १,४-डायकीटोन घ्या, फॉस्फरस पेंटासल्फाइड किंवा लावेसन रिएजंट घाला. कार्बोनिलमधला (कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधातला) ऑक्सिजन जातो, गंधक येतो, वलय मिटतं. दोन्ही कार्बोनिल कार्बन गंधकाचे सख्खे शेजारी होतात, २ आणि ५ क्रमांकावर (गंधक १ वर). (लावेसन फ्यूमहूडबाहेर उघडणाऱ्याशी मी बोलत नाही.)

गेवाल्डमध्ये कीटोन किंवा अल्डिहाइड, मॅलोनोनायट्राइल, बेस आणि साधी पिवळी गंधकपूड लागते. आधी क्नोव्हेनागेल होतं, म्हणजे कार्बोनिल कार्बन मॅलोनोनायट्राइलशी दुहेरी बंधाने जोडला जातो. ऑक्सिजन तिथेच पाणी होऊन निघून गेला, गंधकाने अजून हातही लावलेला नाही. मग गंधक चिकटतो तो कार्बोनिलच्या शेजारच्या सीएच-टूला, म्हणजे दोन हायड्रोजनवाल्या कार्बनला. गंधकाचं दुसरं टोक मॅलोनोनायट्राइलच्या एका नायट्राइलवर (कार्बन-नायट्रोजन तिहेरी बंधावर) जातं, वलय मिटतं आणि २ वर अमिनो गट बसतो. कार्बोनिल कार्बन ४ वर. गंधकाला तो शिवतसुद्धा नाही!

हा घोळ टिकून राहिलाय तो सायक्लोहेक्झॅनोनमुळे. जो तो शिकवताना तेच उदाहरण घेतो, आणि त्यात ४ व ५ दोन्ही जागा एकाच सहाकडीत बांधलेल्या. गंधक चुकीच्या कार्बनला जोडला तरी चित्र तेच येतं, मार्क पूर्ण मिळतात.

म्हणून मी प्रोपिओनाल्डिहाइड देतो. परवा एकाने बिलाच्या पाठीवर काढून दाखवलं: मेथिल ४ वर. म्हटलं, सीएचओचा, म्हणजे कार्बोनिलचा, कार्बन बोटाने धर आणि मोज. धरला, मोजलं, मेथिल ५ वर गेला. हाच २-अमिनो-५-मेथिलथायोफीन-३-कार्बोनायट्राइल, ओलान्झापिन या औषधाच्या वाटेवरचा तुकडा. मेथिल ४ वर ठेवला असता तर औषधच वेगळं झालं असतं.

"पण सर, आता मायक्रोवेव्ह, बॉल मिल, प्रोलीनवाल्या नव्या पद्धती आल्यात." आल्यात, आणि चांगल्या आहेत; वेळ वाचतो, कधी सॉल्व्हंटही. गंधक मात्र त्याच सीएच-टूला चिकटतो.

अमिनोथायोफीन हवं असेल तर मी डोळे मिटून गेवाल्ड घेईन. २ आणि ५ वर नुसते अल्किल किंवा अरिल हवे असतील, तरच पाल-नॉर.